बघणारं कुणी नसलं तरी पट्टे जातात: घरी करून बघा

‘आपण बघितलं की इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, म्हणजे जाणीवच विश्व घडवते,’ असं व्याख्यानात ऐकून कुणी आलं की मी वाद घालत नाही. (दोन फटींतून सोडलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर पट्टे उमटवतात; कोण कुठल्या फटीतून गेला हे तपासलं की पट्टे जातात. त्यावरून हा दावा.) टेबलावर लेसर काढून ठेवतो. बारावीला फिजिक्स शिकवल्याची खोड, दुसरं काय!

लाल लेसर पॉइंटर घ्या, १ मिलीवॅटच्या आतला (डोळ्यावर चुकूनही मारू नका). जुन्या वायरीतली एकच बारीक तार सोलून काढा. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरची पोलरॉइड फिल्म (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी) नखाने अलगद सोडवा.

आधी नुसती तार पॉइंटरच्या तोंडाशी उभी चिकटवा. खोलीत अंधार करा, भिंत ३ मीटरवर. सेंटिमीटरभर अंतराने काळे-लाल पट्टे दिसतील. तारेच्या डावीकडून आणि उजवीकडून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतोय.

आता फिल्मचे दोन तुकडे कापा. एकावर एक धरून फिरवले की एका जागी काळोख होतो. त्याच कोनात ते शेजारी-शेजारी चिकटवा आणि जोडावर तार बसवा. जोड तारेआड पूर्ण लपला पाहिजे. माझे पहिले चार प्रयत्न त्या फटीनेच खाल्ले. दोन्ही बाजू सारख्या उजळ होईपर्यंत पॉइंटर स्वतःभोवती फिरवा. पट्टे गायब! डाव्या-उजव्या वाटेच्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वेगळी झाली, म्हणजे कोण कुठून आला याची खूण बसली.

मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि चहा टाकायला जा. खोलीत कुणी नसतानाही पट्टे नाहीत.

‘पण व्हिडिओ नंतर तुम्हीच बघितला ना?’ हो. ही पळवाट जुनी आहे. मापनाची साखळी (कण, उपकरण, डोळा, मेंदू) बघणाऱ्यापर्यंत कुठेही तोडता येते, म्हणजे ‘मापन इथे झालं’ असं कुठेही म्हणता येतं, हे गणितज्ञ फॉन नॉयमनने १९३२ मध्येच मांडलं. भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने १९६१ मध्ये ती जाणिवेपाशी तोडली, आणि पुढे स्वतःच ते मत सोडलं. माझ्या तारेने ती पळवाट बंद होत नाही. शिवाय पॉइंटरचा एवढा प्रकाश क्वांटमशिवाय, साध्या तरंगांच्या गणितातही बसतो, हेही कबूल. मग व्हिएन्नाचं सांगतो: असे पट्टे रेणूंचेही उमटतात. २००४ मध्ये तिथे ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवले. तापलेला रेणू जाता-जाता प्रकाश सांडतो, त्यातून तो कुठल्या वाटेने गेला हे उघड होऊ शकतं. पट्टे पुसट होत गेले. तो सांडलेला प्रकाश कुणी टिपतही नव्हतं.

शेवटी परत आपल्या लेसरकडे: फिल्मचा तिसरा तुकडा तार आणि भिंत यांच्या मधे, आधीच्या दोन्ही तुकड्यांशी ४५ अंशांत फिरवून धरा. खूण पुसली, पट्टे परत! तोच तुकडा ९० अंश फिरवलात तर काळ्याच्या जागी लाल येतील, लालच्या जागी काळे.