प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसलेला खून शाबीत करताना या चुका टाळा

खुनाच्या खटल्यात आरोपी सुटला की 'पंच फुटले' म्हणून हात झटकायची रीत आहे. पंच फुटतात, खरं आहे. पण कित्येक खटले त्याच्या कितीतरी आधी पोलीस ठाण्यातच संपलेले असतात.

सर्वांत मोठा घोळ निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपी वस्तू काढून देण्याबद्दल पंचांसमोर जे बोलतो त्याच्या नोंदीत. साचा ठरलेला: 'मी खुनात वापरलेला कोयता काढून देतो.' यातलं 'खुनात वापरलेला' म्हणजे पोलिसांपुढची कबुली, ती वगळावीच लागते. कोयता कुठे, कुणी लपवला, याचा पत्ता नाही. मग उरतं काय? जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 (आता साक्ष अधिनियमाच्या कलम 23 चं परंतुक) खाली महत्त्व आहे ते जागेला आणि ती आरोपीला ठाऊक होती याला. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) हे 1946 मध्येच स्पष्ट केलंय, तरी साचा सुटत नाही.

म्हणून आधी पंच ठाण्यात बोलवा. त्यांच्यासमोर आरोपी बोलेल ते त्याच्याच बोलीत उतरवा. तो 'म्या' म्हणाला तर 'म्या'च. वेळ, सह्या, स्टेशन डायरीत नोंद, आणि मगच गाडी काढा. हत्यार आधी आणून कागद मागाहून रंगवले, तर डायरी, गाडीचं लॉगबुक आणि पंचनाम्यातली वेळ यांचा मेळ बसत नाही. बचावाचा वकील नेमकं तेच मागवतो. साक्ष देतानाही तपास अधिकाऱ्यानं आरोपीचे शब्द सांगायला हवेत. 'हाच तो पंचनामा, सही माझी' एवढ्यानं भागत नाही.

दुसरी लाडकी कुबडी पुरावा कायद्याचं कलम 106, आताचं 109: जी गोष्ट खास ज्याला ठाऊक, तिचा खुलासा त्यानंच करायचा. बायको घरात मेली, नवरा खुलासा देत नाही, झाली शिक्षा! त्रिमुख मारोती किरकन (2006) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळे पुढे करतात. पण त्या रात्री नवरा घरात होता, हे आधी सरकार पक्षानं शाबीत करायचं असतं. आरोपीच्या खोट्या खुलाशानं पुराव्याची तुटलेली कडी सांधत नाही, हे शरद बिरधीचंद सारडा (1984) या पुण्याच्या प्रकरणातच आहे. सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. पत्नीचा मृत्यू सायनाइडनं, पण ते आरोपीजवळ होतं हे शाबीत नाही. आत्महत्येची शक्यताही उरली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 (आता नागरिक सुरक्षा संहितेचं 351) खाली न्यायालय पुराव्याबद्दल आरोपीचा जबाब घेतं; त्यात न विचारलेल्या बाबी न्यायालयानं सरळ बाजूला काढल्या. नवे वकील त्यातलं 'पंचशील' (परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या) घडाघडा म्हणतात, पुढची पानं मात्र उघडत नाहीत.

रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. रक्त कुजतं आणि अहवाल येतो, 'गट निश्चित करता आला नाही'. सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घाला, लाखेचं सील लावा. मुद्देमाल कारकून आणि कॅरिअर (मुद्देमाल प्रयोगशाळेत नेणारा पोलीस), दोघांनाही न्यायालयात साक्षीदार म्हणून तपासा.

आरोपी आणि मयत यांचं शेवटचं एकत्र दिसणं आणि मृत्यू यांत दिवसांचं अंतर पडलं, तर त्या एका साक्षीवर विसंबू नका.

सीडीआरला (मोबाइलच्या कॉल नोंदींना) साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतंच. टॉवर परिसर दाखवतो, खोली नाही.

दोषारोपपत्राआधी एका कागदावर तीन रकाने आखावेत: परिस्थिती, साक्षीदार, कागद. हे काम दोषारोपपत्राची 90 दिवसांची मुदत संपत आल्यावर काढलं, तर रिकामा रकाना भरायला वेळच उरत नाही.