टोपीवरचा बॅज आधी उलटा करून पाहा

ब्रिटिश रेजिमेंटच्या बॅजचं वय बहुतेकजण मुकुटावरून काढतात. कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतील तर राजाचा मुकुट, साधारण 1901 ते 1952 (किंवा 2022 नंतरचा, राजा चार्ल्सच्या काळातला). मधोमध खचलेल्या असतील तर राणी एलिझाबेथचा काळ. रॉयल ग्रीन जॅकेट्स ही रेजिमेंट 1966 ते 2007 या काळातली, त्यामुळे तिच्या बॅजवर राजाचा मुकुट दिसला तर तो घेऊ नका.

पण मुकुटच नसेल तर? रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सचा बॅज घ्या. पेटलेला ग्रेनेड, त्याच्या गोळ्यावर वाघ आणि हत्ती. (1881 मध्ये मद्रास आणि मुंबईच्या फ्युझिलियर्स (पायदळाच्या पलटणी) एकत्र करून ही रेजिमेंट बनली, म्हणून ही जनावरं.) इथे मागची बाजूच बोलते. अस्सल बॅज ठशावर पातळ पत्रा दाबून बनवलेला असतो, त्यात पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. मागचा भाग सपाट, रवाळ आणि बारीक छिद्रांचा असेल तर तो साच्यात ओतलेला आहे, नक्कल समजा. दहापट भिंगातून वाघाचे पट्टे बघा. झिजलेल्या जुन्या ठशावरून नव्याने काढलेल्या प्रतीत ते पुसट येतात, आणि कडा मात्र कोऱ्या, धारदार राहतात. वापराने झिजलेल्या बॅजचं नेमकं उलट असतं: उंचवटे गुळगुळीत, खोलगटात रेषा शाबूत. ही रेजिमेंट 1922 मध्ये बरखास्त झाली. काटकसरीचे प्लॅस्टिक बॅज दुसऱ्या महायुद्धातले, तेव्हा डब्लिनचा प्लॅस्टिक बॅज असूच शकत नाही.

पितळ चकचकीत करू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस्स.