बोट उचलत नाही? पंप खोलायच्या आधी हे बघा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. बोटी शाकारलेल्या असतात, आणि ऑगस्टमध्ये पाण्यात उतरल्या की जुन्या डिझेल इंजिनाची पहिली तक्रार ठरलेली: चालू लगेच होतं, आयडलला गोड चालतं, पण थ्रॉटल दिला की उचल नाही. मिस्त्री लगेच डिझेलचा पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढायच्या गोष्टी करतो. थांबवा त्याला. डिझेल, ऑइल, बॅटरी तुम्ही बघितलंच असेल, ते सांगत बसत नाही.

पहिली बघायची ती टाकीची हवेची नळी, ती वर नेऊन तोंड खाली वाकवलेली असते ती. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मे महिन्यात तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि ती तशीच राहते. पिशवी नसेल तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं, नाहीतर जाळीवर रंगाचा हात फिरलेला असतो. डिझेल ओढलं जातं, पण त्याच्या जागी टाकीत हवा शिरत नाही, मग इंजिन उपाशी राहतं. आयडलला डिझेल कमी लागतं म्हणून तिथे काही कळत नाही. लोडवर थोडा वेळ बरं चालतं, मग बसतं. बंद करून ठेवलं की पुन्हा बरं! म्हणूनच सगळे फसतात. गेल्या हंगामात आमच्याकडे हीच नळी बघायची राहिली आणि चांगला पंप विनाकारण खोलला गेला. तपासणी फुकट आहे: इंजिन बसलं की टाकीचं झाकण सैल करा. सूंऽ करून हवा आत गेली आणि उचल परत आली, तर दोष नळीचाच.

मग धूर बघा. न्यूट्रलला पूर्ण आरपीएम येतो, गिअर टाकल्यावर येत नाही आणि धूर काळाकुट्ट असेल, तर लोड जास्त आहे किंवा हवा कमी पडतेय. आरपीएम येत नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचत नाही. म्हणजे परत टाकीची हवेची नळी, मग फिल्टर. हा क्रम चुकवू नका.

काळ्या धुराला पंखा (पाण्याखालचा, बोट ढकलणारा) आधी. बोट खाडीत उभी असेल तर पात्यांवर आणि तळाला कालवं धरलेली असतात, शाफ्टला जाळ्याचा तुकडा किंवा दोरी गुंडाळलेली असते. खाली माणूस उतरवताना इंजिन बंद आणि चावी त्याच्याच खिशात, यात सवलत नाही. गिअर न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने फिरतो का बघा, ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग) फार आवळलेला असेल तर जड जाईल. एअर क्लिनर झटका. इंजिनघराचं झाकण उघडं ठेवून चालवून बघा, फरक पडला तर हवेची वाट अपुरी आहे. एक्झॉस्टच्या बेंडमध्ये कार्बन साठतो, तो खोलल्याशिवाय दिसत नाही.

डिझेलच्या बाजूला आधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा वाडगा. तळाला पाणी किंवा काळा चिकट गाळ असेल तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल. डिझेलच्या नळीची नवी जोडणी असेल तर तांब्याचे वायसर नवेच टाका. ओढीच्या बाजूची (टाकी ते पंप) गळती बाहेर डिझेल दाखवत नाही, आत हवा घेते. डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. चालत्या इंजिनात प्रेशरच्या पाइपावर बोट फिरवून गळती शोधू नका. डिझेल कातडीतून आत घुसतं, हात कापायची वेळ येते. पुठ्ठा धरा.

थ्रॉटलची केबल ताणून सैल झालेली असते. एकाने दांडा पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का बघायचा. आरपीएम चढतो पण बोट चालत नाही, तर क्लच घसरतोय, इंजिनाला हात लावू नका.

ट्रायल जेट्टीला बांधून नको, खोल पाण्यात, भरतीला घ्या. टाकीची हवेची नळी मोकळी केलीय ना? मग चला.

तरीही उचल नसेल तर नोझल आधी टेस्टिंगला, पंप नंतर. पाइप काढताना सिलिंडरचा नंबर बांधा.