दम्याचा पंप घेऊन केदारनाथला

आम्ही परभणीची माणसं, उन्हाळ्यात ४२ अंश सोसतो. पण केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथली गार, कोरडी हवा दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आखडवते. म्हणून महिनाभर आधीच डॉक्टरांना गाठा आणि औषधांचं वेळापत्रक लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप सोडू नका. माझ्या आईनं सोडला होता, अन् पायी चढण जिथून सुरू होते त्या गौरीकुंडाच्या वर दोन तासांतच तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

तातडीचा पंप बॅगेत नको, स्वेटरच्या आतल्या खिशात अंगालगत ठेवा. गारठला की फवारा नीट बसत नाही. आईचा पंप हाताला बर्फासारखा लागला. तो दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, हलवला, मग स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला. दुसरा भरलेला पंप सोबत्याकडे असू द्या.

नाकातोंडावर मफलर, श्वास नाकानं. चढणीआधी पंप घ्यायचा का, तेही डॉक्टरांनाच विचारा. शेकोटीच्या धुरापासून लांब बसा. गौरीकुंडाला एक मुक्काम कराच.

बसल्या जागी धाप लागली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर पंप देऊन लगेच वैद्यकीय मदत घ्या आणि खाली उतरा. आम्ही दर्शन न घेताच उतरलो.