नारळाची बोंडं गळत होती, ती अशी थांबली (कोथरूड, पुणे)

परसातला माड पोया (फुलांचे तुरे) भरपूर टाकायचा, पण बोंडं सुपारीएवढी झाली की पटापट खाली. मीठ, शेणखत, फवारणी, सगळं झालं, वैताग नुसता. खरी खूण वर होती: नव्या झावळीची पाती टोकाला चिकटलेली, चुरगळलेली. म्हणजे बोरॉन (झाडाला थोडंसंच लागणारं अन्नद्रव्य) कमी.

खोडापासून चारेक फुटांवर गोल, उथळ चर काढला. खोल खणलं तर मुळं तुटतात. आधी पाणी सोडलं. मग ओल्या मातीत 50 ग्रॅम बोरॅक्स (बोरॉन असलेली पूड) सगळीकडे सारखं भुरभुरवून माती ओढली, पुन्हा पाणी. मूठभर जास्त टाकायचा मोह नको, बोरॉन जास्त झालं की झाडालाच बाधतं. उन्हाळ्यात पाण्याचा खाडा पाडला नाही. आधीच्या पोया गेल्याच; बोंडं धरली ती नंतरच्या पोयांना.