जुलैतली रत्नागिरी, उशी हुंगूनच

भिजायला एवढे पैसे कशाला मोजायचे, असं माझा नवरा दरवर्षी म्हणतो. मी मोजते. मे महिन्यात रत्नागिरीत घाम पुसत आंब्याच्या पेट्यांचा भाव करण्यापेक्षा जुलैत ओल्या कौलांखाली चहा पीत बसणं मला परवडतं.

तारखा शाळा सुरू झाल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंतच्या धरा, त्याही सोमवार ते गुरुवार. गणपती जवळ आले की चाकरमानी निघतात आणि मग उभं राहायलाही जागा मिळत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या मुद्दाम हळू चालवतात, म्हणून निघण्याआधी वेळ पुन्हा बघा. परतीनंतर एक दिवस रजेचा हाताशी ठेवा. २२ जुलै २०२१ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, तेव्हा कितीजण वाटेत अडकले! रेड अलर्ट असेल तर तिकीट गेलं तरी चालेल, घरी बसा.

खोलीचं आगाऊ बुकिंग मी करत नाही. जाऊन बघते आणि उशी हुंगते. हसू नका, कुबट वास तिथेच आधी कळतो. वरचा मजला आणि इन्व्हर्टर, एवढं विचारलं की भावाचं बोला. जुलैत मालकालाही घाई असते.

छत्री घरी ठेवा, मांडवीच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटते. रेनकोट घ्या, मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, रत्नदुर्गावर मी एकदा बसूनच खाली आले आहे. दोरी आणि चिमटेही न्या. कपडे तरीही वाळत नाहीत, पण प्रयत्न केल्याचं समाधान मिळतं.

समुद्रात उतरायचं नाही, भाट्याला गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात. म्हणून शहरच बघा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या राजवाड्यात पाऊस कोसळत असताना उभं राहा, त्याची कैद तेव्हाच कळते. उन्हाळ्यात ती नुसती हवेशीर इमारत वाटते. तिथून जवळच थिबा पॉइंट आहे, ढग हलले तर भाट्याची खाडी दिसते.

दोन दिवस जास्तीचे असतील तर सावंतवाडी. मोती तलाव, चितार आळीतली लाकडी खेळणी, राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते. आंबोलीला रविवारी जाऊ नका, धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतील.

आता जेवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात आलेलं पापलेट बहुधा बर्फातलं. ते सोडा. सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी मागा, सुक्या बांगड्याची किसमूर मागा, कुळथाची पिठी आणि गरम भात मागा. खानावळीत मेन्यूकार्ड बाजूला ठेवून 'आज घरात काय केलंय?' असं विचारलंत तर टाकळा नाहीतर फोडशीची रानभाजी मिळण्याची शक्यता असते. नागपंचमीला तिथे असाल तर हळदीच्या पानातले पातोळे चुकवू नका.

निघताना सोडे घ्या. ते डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी दुसऱ्या पिशवीत. तरी खेड येईपर्यंत समोरची बाई विचारतेच, "कितीला मिळाले?"