पडदा पडल्यावरची पस्तीस मिनिटं : भेटायला आलेल्या रसिकांना नटाने कसं सांभाळावं

मालिकेमुळे चेहरा घरोघरी पोचलेला नट नाटक घेऊन पुण्यात आला की प्रयोगानंतर रंगपटाच्या, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीच्या, दाराशी गर्दी जमतेच. माइकवर ‘रसिक मायबाप’ म्हणायचं आणि मागच्या दाराने गाडीत बसायचं, हे इथे फार काळ खपत नाही. पण खरं सांगायचं तर बहुतेक नट मनाने चांगलेच असतात, त्यांची व्यवस्था वाईट असते. ती कशी लावायची ते इथे सांगतो. नटाने वाचावंच, पण नाटकाच्या व्यवस्थापकाने आधी वाचावं.

सुरुवात घड्याळापासून. बालगंधर्व रंगमंदिर असो की कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, सुटीच्या दिवशी साधारण तीन प्रयोग लागतात: दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ. अडीच तासांचं नाटक आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर दुपारचा पडदा सव्वातीनला पडतो. पुढच्या नाटकाचा टेम्पो तोवर दारात उभा असतो, आणि त्यांना नेपथ्य लावायला रंगमंच, बसायला रंगपट हवा असतो. म्हणजे तुमच्या हातात फार तर पस्तीस मिनिटं. त्यातली पाच घाम पुसायला आणि पाणी प्यायला गेली. उरलेल्या तीस मिनिटांत माणशी २५ सेकंद धरले तर ७२ जण होतात. ४० सेकंद धरले तर ४५च. रांगेत किती माणसं आहेत ते मोजून हा आकडा आधी ठरवा आणि बाहेर सांगून टाका. ‘आज साठ जणांना भेटता येईल, बाकीच्यांनी रात्रीच्या प्रयोगाआधी नऊला या’ असं सुरुवातीलाच सांगितलं तर माणूस कुरकुरतो आणि जातो. अर्धा तास उभं करून मग दार लावलं तर तो ते वर्षानुवर्षं सांगत राहतो.

या कामाला दोन माणसं लागतात. एक दाराशी, एक नटाशेजारी. नट एकटा उभा राहिला की पहिलाच माणूस सात मिनिटं खातो, कारण त्याला थांबवणं नटाला अवघड जातं.

दाराशी असलेल्याने चार गोष्टी उरकून घ्यायच्या. नाव विचारायचं आणि सही कशावर हवी ते पाहायचं. फोनचा कॅमेरा उघडून, फ्लॅश बंद करून फोन हातात तयार ठेवायला सांगायचं. पिशव्या, छत्र्या, हेल्मेट बाजूच्या टेबलावर ठेवून घ्यायचे. आणि रांगेचा क्रम लावायचा: काठी किंवा चाकाची खुर्ची असलेले, कडेवर झोपलेलं मूल असलेले, ज्यांची शेवटची बस आहे ते आधी. निर्मात्याचे साडू आधी नकोत. रांग मोडून आत शिरलेला एक नातेवाईक मागच्या पन्नास जणांचा मूड घालवतो, आणि त्याचं बिल नटाच्या नावावर फाटतं.

फोटो नटाशेजारचा माणूस काढेल, तोही रसिकाच्याच फोनवर. सेल्फीत लांबलेला हात, वाकडी मान, तीनदा ‘अजून एक’ यात चाळीस सेकंद जातात. दुसऱ्याने एका दमात तीन फोटो काढले की त्यातला एक चांगला निघतोच. जागा मात्र नीट निवडा. रंगपटात आरशासमोर फोटो काढायचाच नाही; मागे कोणीतरी साडी बदलत असतं आणि ते आरशात येतं, हे घरी जाऊन फोटो मोठा केल्यावर कळतं. साधी भिंत बघा, उजेड चेहऱ्यावर समोरून यावा. ट्यूबलाइट थेट डोक्यावर असली तर डोळ्यांखाली काळे खड्डे येतात आणि मेकअप उतरवलेल्या नटाला ‘आजारी आहात का?’ असे मेसेज सुरू होतात.

हात कुठे ठेवायचा, हा प्रश्न नटांनी हलक्यात घेऊ नये. आपले हात आपल्यापाशी, पुढे जोडलेले किंवा मागे. समोरच्या आजींनी स्वतःहून खांद्यावर हात ठेवला तर ठेवू द्या, पण आपण होऊन कोणाच्या खांद्यावर, कमरेवर हात नाही. लहान मूल रडत असेल तर उचलून घ्यायचं नाही. त्याच्या उंचीला वाकायचं, आणि तरी रडलं तर आईवडिलांचा फोटो काढून सोडून द्यायचं. पाया पडणाऱ्यांना अर्ध्यातच हात धरून थांबवा, विशेषतः तुमच्यापेक्षा वयाने मोठे असतील तर.

आता ते २५ सेकंद. आधी नमस्कार, मग नाव घ्यायचं (दारावरच्याने तुमच्या कानावर घातलेलंच आहे), मग एकच प्रश्न. ‘नाटक कसं वाटलं?’ हा प्रश्न पुण्यात विचारू नये. उत्तर खरोखर मिळतं, आणि ते दहा मिनिटांचं असतं. त्याऐवजी ‘कुठून आलात?’ विचारा. ‘चिंचवड’, ‘सिंहगड रोड’, ‘सासवड’ असं एका शब्दात उत्तर येतं आणि त्यावर तुम्हाला एक वाक्य बोलता येतं. तेवढ्यात फोटो होतो.

न विचारताही टीका येईलच. ‘दुसरा अंक जरा ताणलाय’, ‘‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च तुम्ही सारखाच उच्चारता’. इथे बचाव करायचा नाही. ‘कुठल्या प्रवेशात?’ एवढंच विचारायचं आणि शेजारच्या माणसाने ते लिहून घ्यायचं. सातव्यांदा नाटक पाहणाऱ्याला अशा गोष्टी दिसतात ज्या दिग्दर्शकाला दिसेनाशा झालेल्या असतात. पुढच्या वेळी तो च सुधारलेला ऐकला की त्या माणसाला सेल्फीपेक्षा जास्त आनंद होतो.

सगळ्यांत जास्त घोटाळा ‘ओळखलंत का?’ या प्रश्नाने होतो. घाबरून ‘हो हो, म्हणजे काय!’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सांगा बरं, कुठे भेटलो होतो?’ मग तोंड बघण्यासारखं होतं. ‘नाही’ म्हटलं तरी चेहरा पडतो. मधला रस्ता असा: ‘नाव सांगा, म्हणजे पुढच्या वेळी मीच हाक मारेन.’ यात खोटं काही नाही आणि पुढच्या भेटीचं आमंत्रणही आहे. पण मग पुढच्या वेळी हाक मारायलाच लागते, आणि त्यासाठी वही.

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक गावाची वेगळी. रोजच्या साठ जणांची नोंद करत बसायचं नाही. जे दुसऱ्या-तिसऱ्यांदा आले त्यांचीच करायची. नाव, राहण्याचा भाग, प्रयोगाची तारीख आणि त्यांच्या तोंडची एक ओळ: ‘मुलगी भरत नाट्य मंदिरात एकांकिका करते’, ‘पहिल्या रांगेत बसत नाहीत, मान दुखते’. नंबर, घरचा पत्ता, आजारपण असलं काही न विचारता लिहायचं नाही. पुढच्या दौऱ्यात पुण्याचा पहिला प्रयोग असेल त्या दिवशी मेकअप होताना दहा मिनिटं ही पानं चाळायची. नाट्यगृहाच्या दारावरच्या माणसाला आणि बुकिंगच्या खिडकीवरच्यालाही नेहमीचे चेहरे पाठ असतात. मध्यंतरात त्यांना विचारलं तर आज कोण आलंय ते बरोबर सांगतात.

या नेहमीच्यांना फुकट पास देऊ नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिकीट काढून येणं हा त्यांचा मान असतो. पास दिला की तो माणूस पुढच्या वेळी मागणारा होतो, आणि त्याच्या शेजारी तिकीट काढून बसलेला दुखावतो. द्यायचंच असेल तर बातमी द्या. पुण्याच्या तारखा पेपरात जाहिरात यायच्या आदल्या दिवशी त्यांना कळवा. मनासारखी खुर्ची मिळणं हीच त्यांना मोठी भेट.

कळवायचं कसं? व्हॉट्सॲप ग्रुप करू नये. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि तिसऱ्या दिवशी त्यात शुभ सकाळ आणि राजकारण सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो, आणि तो नंबर नटाचा खासगी असता कामा नये. लोक जास्त असतील तर चॅनेल बरं, तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. आणि तुमच्या अधिकृत खात्यावर एक ओळ कायम वर लावून ठेवा: ‘मी कोणाकडूनही पैसे मागत नाही.’ नटाच्या नावाने खोटं खातं काढून निष्ठावान चाहत्यांनाच गंडवतात, कारण विश्वास त्यांचाच असतो. कोणी फसलं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. ‘आमचा काय संबंध’ म्हणून हात झटकू नका.

सह्यांची सामग्री एका छोट्या पाकिटात: दोन बॉलपेन, एक बारीक टोकाचं परमनंट मार्कर. गुळगुळीत फोटोवर बॉलपेन सरकतं आणि जेल पेनची शाई पुसली जाते. तिथे मार्कर, आणि सही वाळायला दहा सेकंद द्यायची. पुस्तकात मार्कर वापरलं तर मागच्या पानावर उतरतं, तिथे बॉलपेन. छापील पावतीसारख्या गुळगुळीत कागदाच्या तिकिटावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून सही मागच्या बाजूला, तारीख आणि ‘पुणे’ लिहून. बँकेतली सही आणि रसिकांना द्यायची सही वेगळी ठेवा, आणि कोऱ्या कागदावर अगदी वर सही करा, म्हणजे तिच्यावर कोणाला मजकूर लिहायला जागा उरत नाही. पत्रांना उत्तर द्यायचं तर महिन्याच्या आत, दोन ओळी पुरेत, पण त्यातली एक त्यांच्या पत्रातल्या गोष्टीबद्दल हवी. छापील सहीचा फोटो पाठवू नका. ओलं बोट फिरवून पाहणारे लोक आहेत.

खाऊ येतो तो निराळाच विषय. बाकरवडीचं पाकीट सोपं, युनिटमध्ये वाटून टाका. घरून आणलेले उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, श्रीखंड आलं की देणाऱ्यासमोर एक घास तरी घ्यावा असं वाटतं. प्रयोग संपलेला असेल तर घ्या. प्रयोगाआधी नाही. तुपकट, गार खाल्लं की आवाज बसायची धास्ती असते, आणि पोट बिघडलं तर रात्रीचा प्रयोग अडतो. तसं स्पष्ट सांगितलं तर कोणी रागावत नाही. नाव घातलेला स्टीलचा डबा मात्र सांभाळा. तो लगेच रिकामा करून, धुऊन परत द्यायचा, आणि अगदी रिकामा नाही. चमचाभर साखर, दोन लाडू, काहीतरी घालून. डबा हरवलेला नट कायमचा लक्षात राहतो. पैसे आणि दागिने घ्यायचेच नाहीत. नम्रपणे, पण तिथल्या तिथे परत. वर्षभरात नात्याबाहेरच्यांकडून अशा भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर त्यावर कर भरावा लागतो, हा मुद्दा संकोचाच्या वेळी चांगला उपयोगी पडतो.

काही जणांचं प्रेम हद्द ओलांडतं. प्रत्येक प्रयोगाला येणं ही निष्ठा. हॉटेलची खोली शोधून काढणं, गाडीमागे येणं, घरच्यांना फोन करणं ही निष्ठा नव्हे. पहिल्यांदा व्यवस्थापकाने दुसऱ्या एका माणसासमोर सरळ शब्दांत सांगायचं: भेट फक्त नाट्यगृहात. नटाने स्वतः समजूत घालायला जाऊ नये, त्याचं बोलणं हीच तिथे जवळीक समजली जाते. तरी थांबलं नाही तर तारखा आणि मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. स्त्रीचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. त्याच क्षणी धोका वाटला तर ११२.

रात्रीच्या प्रयोगाचं गणित वेगळं. साडेनऊचं नाटक बाराच्या पुढे सुटतं, तेव्हा मेट्रो बंद असते आणि बस जवळपास नसतेच. रांग वीसेक जणांची, पण त्यातले निम्मे वहीतले. इथे पुढच्या नाटकाची घाई नसते, म्हणून नट रेंगाळतो आणि रसिकही रेंगाळतात. उलट करा: वीस मिनिटांत आटपा आणि प्रत्येकाला ‘घरी कसे जाणार?’ विचारा. एकट्या आलेल्या बाईंची रिक्षा येईपर्यंत युनिटमधला एकजण बाहेर रस्त्यावर, बालगंधर्वला असाल तर जंगली महाराज रस्त्यावर, थांबेल. तोवर नेपथ्य टेम्पोत चढलेलं असतं. मग रंगपटातून एक चक्कर मारून डबे, छत्र्या, विसरलेले चष्मे गोळा करायचे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावायची आणि चौकीदाराकडे द्यायचे.